हवेतला चिमटा आणि मेश्राम बाईंची किडनी

हॉस्पिटलातली औषधं एक्स्पायर होतात, किस्से होत नाहीत. कॅन्टीनमध्ये एकानं सांगायला घेतला की चहा संपायच्या आत दुसऱ्याला त्याचा आठवतो, आणि घरी जायची वेळ टळून जाते. माझ्याकडे तर हे किस्से इतके साठलेत की "अहो, आज काय झालं माहितीये…" एवढं म्हटलं तरी आमचे हे टीव्हीचा आवाज वाढवतात!

म्हणून आता तुम्हाला धरलंय.

मी रेडिऑलॉजिस्ट. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे सीटी स्कॅन वाचणं हा माझा धंदा. शांत काम होतं हो! पेशंटशी बोलावं लागत नाही, आणि फोटो काही उलटून बोलत नाही. मग आमच्या युरोलॉजीच्या काळमेघ सरांनी कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये तो चष्मा पाहिला आणि माझ्या शांततेचं वाटोळं झालं.

चष्मा म्हणजे मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचा हेडसेट. सीटी म्हणजे शरीराच्या पातळ चकत्यांचे फोटो; मी बसून त्यातल्या एकेका चकतीत रंग भरायचे. किडनी वेगळी, रक्तवाहिन्या वेगळ्या, गाठ वेगळी. मग तो चष्मा डोक्यावर चढवला की ती किडनी समोर हवेत तरंगते. खोली दिसते, टेबल दिसतं, माणसं दिसतात, आणि त्यांच्या मधोमध ही किडनी! तिच्याभोवती फिरा, वाकून खालून बघा, हवं तर आत डोकं घाला. गाठ नेमकी कुठे आहे, कोणत्या शिरेला खेटून आहे, हे पोट उघडायच्या आधीच कळतं. मात्र ज्यानं चष्मा घातला त्यालाच दिसतं. बाकीच्यांना दिसतो तो हवेत चिमटे काढणारा एक चांगला शिकलासवरलेला माणूस.

आणि ह्या सगळ्या गोंधळात आमच्याकडे मेश्राम बाई आल्या. रिटायर्ड मुख्याध्यापिका. किडनी एकच, आणि गाठ नेमकी तिच्यातच. दुसरी किडनी त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी धाकट्या भावाला देऊन टाकलेली. गाठ तेवढी काढता आली तर बाई सुटल्या. आख्खी किडनी काढावी लागली, किंवा उरलेली चाललीच नाही, तर जन्मभर डायलिसिस. त्यांच्याकडे येतेच, पण आधी चष्म्याचं सांगते. नाहीतर माझा वैताग तुम्हाला कळायचा नाही.

*

कंपनीचा इंजिनीअर पुण्याहून ट्रेनिंग द्यायला आला होता. अतिशय मृदू माणूस. "सर, किडनी हलवायची असेल तर हवेत अगदी हलकेच चिमटा घ्यायचा. मोगऱ्याची कळी खुडतो ना, तसा."

आता 'हलकेच' आणि काळमेघ सर यांची आयुष्यात गाठ पडलेली नाही. त्यात आमचं नागपूर. इथे माणूस नुसता पत्ता सांगायचा तरी दोन्ही हात वापरतो. सरांनी चष्मा घातला, किडनी दिसली, आणि ते आनंदानं ओरडले, "अरे, काय चीज आहे बे ही!" ओरडताना हात फाकले. हात फाकले तशी किडनी कपाटाएवढी झाली. ती लहान करायला गेले तर लिंबाएवढी झाली. मग वैतागून त्यांनी "हॅट्!" म्हणून हात झटकला.

"गेली!" सर म्हणाले.

"कुठे गेली?" इंजिनीअरच्या तोंडचं पाणी पळालं.

"भिंतीत घुसली."

सर तसेच चष्मा लावून, हात पुढे करून, किडनीच्या मागे निघाले. भिंतीच्या पलीकडे लेडीज टॉयलेट! दारातच आयसीयूच्या जेसी सिस्टर उभ्या होत्या. जेसी मूळच्या केरळच्या, पण नागपुरात इतकी वर्षं काढलीत की त्यांची भाषा ऐकून आपणच बाहेरगावचे वाटतो.

"सर, हे लेडीज आहे."

"मला माहीत आहे सिस्टर! पेशंटची किडनी आत गेली आहे!"

जेसीनं त्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे दार लावून घेतलं. "मग येऊ द्या न तिले बाहेर आपल्या मनानं. घाई काहून करून राहिले?"

*

मग रंगांचं लफडं सुरू झालं.

काटोलकडचे ढोके काका पहिले. संत्र्याची मोठी बाग. सर त्यांना म्हणाले, "काका, गाठ संत्र्याएवढी आहे." नागपूरचे आम्ही सगळे डॉक्टर हेच सांगतो. आमच्याकडे गाठीचं दुसरं मापच नाही.

काका विचारात पडले. "कोणतं संत्रं जी? दिवाळीतलं आंबिया बहाराचं, का होळीतलं मृगाचं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"बरं, माल कोणता? एक नंबर, का चुरी?"

चुरी म्हणजे तोडणीत शेवटी उरतो तो बारका माल. सरांनी बोटांचं कडं करून दाखवलं, एवढी. काकांचा जीव भांड्यात पडला. "मंग चुरी म्हणा न साहेब! उगाच संत्रं संत्रं करून माणसाले भेव दाखवता!" सर दिवसभर घुश्शात होते. आपण पकडलेल्या गाठीची कोणी प्रतवारी कमी केली की सर्जनला ते लागतं.

इथवर ठीक होतं. पण मग काकांनी चष्मा घातला. मी गाठीला नारिंगी रंग दिला होता. त्यांनी चष्मा काढला आणि हात जोडले. "मॅडम, हा रंग काढा. ह्याच्यावर आमचं घर चालते. ह्याले कॅन्सरले नका लावू."

काढला. हिरवा दिला. पुढच्या पेशंटची बायको म्हणाली, "हिरवं म्हणजे वाढीस लागलेलं, नको वं माय!" पांढरा दिला तर कफनासारखा दिसतो. काळा अपशकुनी. गुलाबी दिला तर एक सासूबाई म्हणाल्या, "गाठीचे एवढे लाड कशाले?" लाल रंग धमनीला, निळा शिरेला, पिवळा लघवीच्या वाटेला हे ठरलेलंच, ते तर हलवता येत नाहीत. शिवाय ह्या राज्यात प्रत्येक रंगाला कोणी ना कोणी मालक आहे, आणि निवडणूक कायम जवळच आलेली असते! मी ह्यासाठी एमडी केलं होतं का?

शेवटी वांगी रंग दिला. कोणाचीच हरकत आली नाही. मी सुटकेचा श्वास सोडला.

आठवड्याभरानं मिसेस काळमेघांचा फोन. आवाज तापलेला. "मॅडम, तुम्ही ह्यांना काय दाखवता हो तिथे? काल भरली वांगी केली, तर ताटावरून उठून गेले!"

*

आता मेश्राम बाई.

बाई खोलीत आल्या आणि आमचं आख्खं डिपार्टमेंट आपोआप उभं राहिलं. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, आणि ती नजर. आमचे भूल देणारे डॉ. लालवानी, जरीपटक्याच्या सिंधी वस्तीतले, कोणाच्या बापाला न भिणारा माणूस. त्यांनी खुर्चीवरचा पाय खाली घेतला आणि मोबाइल खिशात टाकला.

बाईंनी स्वतःच्या चष्म्यावर आमचा चष्मा चढवला.

"ही माझी?"

"हो बाई," सर म्हणाले.

"बरी दिसते की. एवढी वर्षं एकटीनं दोघींचं काम केलं, तक्रार नाही केली बिचारीनं."

मग बाईंनी बोट पुढे केलं आणि तोंडी परीक्षा सुरू झाली.

"ही वांगी रंगाची?"

"गाठ."

"आणि ही निळी?"

"किडनीची मुख्य शीर, बाई."

"गाठ शिरेला चिकटलेली आहे, का नुसती टेकलेली?"

सगळा प्रश्न तोच होता. टेकलेली असेल तर किडनी वाचते, चिकटलेली असेल तर सांगता येत नाही. सर म्हणाले, "बहुतेक टेकलेली असावी…"

बाईंनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "डॉक्टर, 'बहुतेक' असं पेपरात लिहिलं तर मी अर्धा मार्कसुद्धा देत नव्हते. उद्या नीट पाहून या."

आणि इतकी वर्षं ऑपरेशनं करणारा हा माणूस, ज्याच्यापुढे ज्युनिअर डॉक्टरांची वाचा बसते, तो म्हणाला, "हो बाई!"

कॉरिडॉरमध्ये आल्याबरोबर माझ्यावर उखडले. "मॅडम, तुम्ही मला आधी नीट सांगायला नको?" म्हणजे नापास हे झाले आणि ओरडा मला! मी पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत बसले आणि एकेक चकती मोठी करून पाहिली. गाठ आणि शीर ह्यांच्यामध्ये चरबीची एक बारीक रेघ होती, कधी दिसायची, कधी नाही. डोळे फुटायची वेळ आली, पण होती. ती वेगळ्या रंगानं काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सरांनी उत्तर दिलं. "टेकलेली आहे बाई. मध्ये चरबीचा पातळ थर आहे."

"छान," बाई म्हणाल्या. "बसा."

आणि सर बसले हो!

*

त्यानंतर बाई ऑपरेशनसाठी भरती झाल्या आणि त्यांचा भाऊ आला. मधुकर मेश्राम. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला, सगळी नोकरी कामगारांच्या युनियनचा पुढारी म्हणून काढलेली. आवाज असा की टर्बाइनच्या गोंगाटातही शेवटच्या माणसाला ऐकू जावा. आमची समुपदेशनाची खोली केवढीशी!

"जयभीम साहेब. पहिला मुद्दा. ताईची एक किडनी माह्याकडे आहे. चालू कंडिशनमध्ये आहे. लागली तर वापस घ्या."

सर समजावू लागले. असं होत नसतं, मग तुम्हालाच डायलिसिसवर जावं लागेल, वगैरे.

"ते माहं मी पाहून घेईन न. तुमी काढाची बात करा."

"मधू," बाई म्हणाल्या, "मी काय शेजारीण आहे, वाटीभर साखर दिली आणि परत मागायला आली? खाली बस."

मधुकरराव बसले. लगेच उठले. "दुसरा मुद्दा. ताईची किडनी वाचवणार का नाही?"

"आम्ही पूर्ण प्रयत्न करू," सर म्हणाले.

"प्रयत्न नको साहेब! मॅनेजमेंट बी जिंदगीभर प्रयत्नच करत होतं!"

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी मनातल्या मनात चष्म्याच्या कंपनीला शिव्या घातल्या.

"मधू!"

"बसलो न वं ताई."

त्यांच्या डोक्यावर चष्मा चढवला. ते त्या किडनीभोवती हळूहळू फिरले, एकदा, दोनदा. डोळे पुसायला हात वर नेला तर चष्म्याला लागला. मग म्हणाले, "मॅडम, एक फोटो घेऊ का? युनियनवाले लोकं विचारून राहिले." मी म्हटलं घ्या. मला काय माहीत!

*

हा माणूस चष्मा काढून, तो सरांना घालायला लावून मोबाइलनं फोटो काढायला लागला. आता ती किडनी चष्म्याशिवाय दिसते का? फोटोत आलं काय, तर टेबल, पाण्याची बाटली, आणि हवेत चिमटा घेऊन उभे काळमेघ सर. मधुकररावांनी तो फोटो तसाच युनियनच्या जुन्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ताईची किडनी. फोटोत दिसून नाही राहिली.'

संध्याकाळच्या आत खापरखेड्याच्या कॉलनीत काय पसरावं? नागपूरच्या हॉस्पिटलातून मेश्राम साहेबांच्या ताईची किडनी गायब!

रिसेप्शनवरून मला फोन. "मॅडम, खाली या लवकर. मोर्चा आला आहे."

खाली गेले तर खरंच! दोन गाड्या भरून माणसं. पांढऱ्या केसांची, जुन्या युनिफॉर्मच्या पँटी घातलेली, आणि सगळे एकाच वेळी बोलणारे. "किडनी दाखवा! डॉक्टरनं चिमट्यात धरलेली हाये, फोटो हाये आमच्याकडे!" एकानं तर फोटो मोठा करून माझ्या नाकासमोर धरला. "हे पाहा. बोटाच्या मंधात काय हाये? काही नाही! कुठं गेली?"

मी चष्मा म्हणजे काय हे समजावू लागले. मिक्स्ड रिअ‍ॅलिटी. खरं आणि आभासी एकत्र. जसजशी समजावत गेले तसतसा त्यांचा संशय पक्का होत गेला. "आभासी म्हणजे? म्हणजे नाहीच न?" मधुकरराव स्वतः त्यांना अडवू पाहत होते, "अरे बाबांनो, तसं नाही गा," पण आपल्याच माणसांपुढे त्यांचा आवाज पहिल्यांदा कमी पडला.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. बाई. हाताला सलाइनची सुई, अंगावर हॉस्पिटलचा गाऊन, त्यावर शाल.

"माझी किडनी माझ्याजवळ आहे," बाई म्हणाल्या. "हे हॉस्पिटल आहे. एका रांगेत उभे राहा, आणि आवाज न करता घरी जा."

आणि ती माणसं एका रांगेत, आवाज न करता गेली. शेवटच्यानं जाताना दार हळूच लोटलं!

*

ऑपरेशनचा दिवस. बाई टेबलावर, लालवानींनी भूल दिलेली. सरांनी ग्लोव्ह्ज घालायच्या आधी शेवटचं एकदा पाहून घ्यावं म्हणून चष्मा चढवला. मी बाजूला उभी, कारण आजकाल त्या चष्म्याचं काहीही बिनसलं की 'मॅडमला बोलवा.'

"मॅडम," सर दात आवळून म्हणाले, "हा अपडेट मागतोय."

"नाही म्हणा त्याला."

"'नाही' असं बटणच नाही. 'आत्ता' आणि 'थोड्या वेळानं आत्ता' एवढंच आहे!"

पुण्याच्या इंजिनीअरला फोन लावला. तो म्हणाला, "सर, अपडेट चालू असताना कृपया बंद करू नका, हां." अतिशय मृदू आवाजात. सरांनी काय उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही.

लालवानी मॉनिटरवरून मान न वळवता म्हणाले, "कमाल है यार. पेशंट सो गया, चश्मा ही नहीं जाग रहा!"

जागला एकदाचा. आणि सांगायला हवं, इतका वैताग देऊनही त्यानं त्या दिवशी काम चोख केलं. चरबीची ती रेघ जिथे मी काढली होती तिथेच होती. सरांनी किडनीच्या धमनीला खराखुरा चिमटा लावून रक्त थांबवलं, गाठ सोडवून घेतली, टाके घातले, चिमटा सोडला. फिकट पडलेली किडनी हळूहळू गुलाबी झाली. ऑपरेशन थिएटरात कोणी टाळ्या वाजवत नाही, पण सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्या चष्म्याचा राग आला नाही.

*

पण किडनी गुलाबी दिसणं वेगळं आणि कामाला लागणं वेगळं. रक्त बंद झालं की किडनीला धक्का बसतो. कधी लगेच सुरू होते, कधी रुसून बसते, आणि कधी उठतच नाही. बाईंकडे दुसरी असती तर आम्ही निवांत चहा प्यायलो असतो. इथे एकच होती. बाईंना आयसीयूत आणलं, लघवीची पिशवी खाटेला अडकवली, आणि ती रिकामी.

दुपार झाली. रिकामी.

माझं तिथे काही काम नव्हतं, तरी मी चार वेळा जाऊन आले. जेसी नळी झटकून बघायच्या, लालवानी सलाइन कमीजास्त करायचे. काळमेघ सर तर चष्मा घेऊन आले आणि पुन्हा ती जुनीच किडनी बघत बसले. मी म्हटलं, "सर, त्यात लघवी दिसत नाही हो!" त्यांनी चष्मा काढला आणि हातात नुसता धरून ठेवला. संध्याकाळपर्यंत सुरू झाली नाही तर डायलिसिसच्या मशीनला सांगून ठेवायला हवं, असं ते हळूच म्हणाले. एवढी शिकलेली माणसं, कोट्यवधीची यंत्रं, आणि सगळ्यांच्या नजरा एका प्लॅस्टिकच्या पिशवीवर!

बाहेर बाकावर मधुकरराव. त्यांचं काहीतरी विचित्र चाललं होतं. गुडघे एकमेकांना चिकटवलेले, कपाळावर घाम, चेहरा पिळवटलेला. शेजारी पाण्याची मोठी बाटली, रिकामी. त्यांना भरपूर पाणी प्यायला डॉक्टरांनीच सांगितलेलं.

"बरं वाटत नाही का? बीपी बघू या?"

"ठीक आहे मॅडम. काही नाही."

शेजारचा त्यांचा युनियनवाला मित्र शेवटी बोलला. "काय ठीक आहे? सकाळपासून बाथरूमले नाही गेले भाऊ. सांगून सांगून थकलो."

"काहून?" माझ्या तोंडून आपोआप नागपुरी निघालं.

मधुकरराव ताठ बसले. बसताना कळवळले. "काम बंद आहे मॅडम."

"कोणाचं?"

"आतमंधात एक बहीण बंद आहे. मंग दुसरीनं बाहेर कामावर कसं जावं? हे फितुरी होते."

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर माझा तोल गेला. "अहो, ही कंपनी नाही! किडन्या आहेत! तुमची बदललेली किडनी आहे, तिला असं तुंबवून ठेवतात का? आणि ती तुमच्या ताईचीच आहे ना? तिचे हाल कशाला करताय?"

"ताईची आहे म्हणूनच पाठिंबा देऊन राहिली न."

मी सरांना बोलावलं. सर आले, ओरडले. "ताबडतोब उठा! डॉक्टर म्हणून सांगतोय!"

"आदेशानं नाही उठत साहेब. कधीच नाही उठलो."

आवाज ऐकून लालवानी दारातून डोकावले. सगळं ऐकून घेतलं. "काळमेघ, बोल तो इस बाहर वाले को भी कैथेटर डाल दूँ क्या?"

मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. आणि त्याच वेळी रडू येत होतं, त्याचाही राग आला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

उन्हं उतरायला लागली होती तेव्हा आतून जेसीचा आवाज आला. आयसीयूत कधी मोठ्यानं न बोलणारी ती बाई ओरडली, "आली! आली न बाप्पा!"

आम्ही आत धावलो. नळीत पिवळसर थेंब सरकत होते. एक, मग दुसरा, मग सलग धार. सर पिशवीजवळ उकिडवे बसले आणि उठायचं विसरले. लालवानी कोणाला तरी फोनवर सांगत होते, "हो गया, हो गया," आणि जेसी सगळ्यांना बाहेर व्हा म्हणत होत्या आणि स्वतःच डोळे पुसत होत्या.

बाईंनी डोळे उघडले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी वाकून म्हटलं, "बाई, किडनी चालू झाली."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांची नजर आमच्यावरून पलीकडे, काचेच्या दाराकडे गेली. दाराबाहेर मधुकरराव उभे. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, एक हात काचेला टेकवून. मी त्यांना खुणेनं सांगितलं, झालं, सुरू झाली, आता जा! ते हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, ते ताईकडे पाहत होते.

मग खापरखेड्याच्या त्या पुढाऱ्यानं काचेपलीकडून उजवा हात वर केला आणि करंगळी दाखवली.

बाईंनी मास्कच्या आडून डोळे वटारले, आणि 'जा' म्हणून मान हलवली.